‘सॉरी’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मराठीतील प्रतिशब्द

दुभाषी (धागाकर्ती)

गेली चौदा वर्षे मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. मृत्युपत्रे, वैद्यकीय अहवाल, विम्याची पत्रे असा रुक्ष मजकूर बहुतेक वेळा समोर असतो. त्यातले जड दिसणारे शब्द फारसे अडवत नाहीत, कारण त्यांचे पारिभाषिक प्रतिशब्द ठरून गेलेले असतात. अडवतात ते रोजच्या वापरातले शब्द, आणि त्यांतही ‘सॉरी’ या एका शब्दाने मला जितके छळले आहे तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दाने नाही.

गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील एका वृद्ध दांपत्याचे काम माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला होता आणि तिथल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर त्याचे निधन झाले होते. रुग्णालयाने आईवडिलांना एक पानाचे पत्र पाठवले होते आणि त्याचे पहिलेच वाक्य ‘वुई आर व्हेरी सॉरी फॉर युअर लॉस’ असे होते. हात बसलेला असल्यामुळे मी क्षणभरही न थांबता ‘आपल्या मुलाच्या निधनाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत’ असे लिहून दिले. दोन दिवसांनी वडील तो कागद घेऊन परत आले. ‘दिलगीर’ या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती. त्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “बाई, दिलगीर आहेत म्हणजे त्यांच्या हातून काही चुकले, असे ते स्वतःच कबूल करताहेत ना?”

मूळ पत्रात तसे काहीही नव्हते. तिथे फक्त सांत्वन होते आणि कबुली माझ्या शब्दाने आत आणली होती. मी अनुवाद बदलून दिला, त्यांची क्षमाही मागितली, परंतु ते दोन दिवस त्या घरात काय बोलणे झाले असेल हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून हा धागा काढते आहे. मला जाणवलेले आधी मांडते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारी कोणता शब्द आला आहे यावर फिरतो. ‘सॉरी टू हिअर’ म्हटले की ‘ऐकून वाईट वाटले’. ‘फील सॉरी फॉर हिम’ म्हणजे ‘त्याची दया येते’, आणि तेच स्वतःबद्दल असेल तर ‘स्वतःची कीव करीत बसणे’. ‘सॉरी फॉर बीइंग लेट’ म्हणजे ‘उशीर झाला, माफ करा’. ‘यू विल बी सॉरी’ ही धमकी आहे, तिला ‘पस्तावशील’ याहून नेमका शब्द नाही. नामाच्या आधी आला तर हाच शब्द पार वेगळा होतो. ‘द मॅन इज सॉरी’ मध्ये माणसाला वाईट वाटते आहे, तर ‘अ सॉरी फिगर’ मध्ये माणूस केविलवाणा दिसतो आहे आणि त्याला स्वतःला काय वाटते याचा प्रश्नच येत नाही. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये राजाचा खून करून आलेला मॅकबेथ स्वतःच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहून ‘अ सॉरी साइट’ असे म्हणतो. तिथे ‘माफी’ किंवा ‘दिलगिरी’ यांपैकी कोणताही शब्द बसणार नाही.

तुम्ही लिहिताना आणि बोलताना कोणते शब्द योजता ते कृपया सांगावे.

पाटीपेन्सिल

दुभाषीताई, माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवीत असल्यामुळे व्युत्पत्तीबद्दल थोडे सांगतो. ‘सॉरी’ आणि ‘सॉरो’ हे सख्खे भाऊ आहेत असे मुलांना वाटते आणि बरेच शिक्षकही तसेच सांगतात. ते खरे नाही. ‘सॉरी’चे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘सार’ म्हणजे जखम, वेदना या शब्दात आहे. आजचा ‘सोअर’ म्हणजे ठणकणारा, दुखरा हा शब्द त्याच घराण्यातला आहे. ‘सॉरो’ दुसऱ्या मुळापासून आला, त्याचा नातेवाईक जर्मनमधला काळजी या अर्थाचा ‘झोर्गे’. उच्चार जवळ आले, अर्थही जवळ आले, आणि पुढे दोघांना लोक एकाच कुळातले समजू लागले.

म्हणजे ‘आय अ‍ॅम सॉरी’चा अगदी मुळातला अर्थ ‘मला दुखते आहे’ असा आहे. कोणामुळे दुखते आहे आणि दोष कोणाचा आहे, हे त्या शब्दात मुळात नव्हतेच. चूक माझी असेल तर तिच्यामुळे मला दुखते आणि हानी तुमची असेल तर तुमच्यासाठी मला दुखते. दोन्हीकडे वेदना एकच असल्यामुळे इंग्रजीला एक शब्द पुरला.

फारसीचा_विद्यार्थी

वरील प्रतिसाद वाचून मला राहवले नाही, कारण ज्या ‘दिलगीर’ शब्दाने हा सगळा घोळ झाला त्याचा प्रवास हुबेहूब ‘सॉरी’सारखा आहे.

‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा, पकडणारा. फारसीत ‘दिलगीर’ म्हणजे मन दाटून आलेला, खिन्न, उदास. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात आणि बखरींच्या भाषेतही कोणी दिलगीर झाला म्हणजे तो दुःखी झाला असाच अर्थ असतो आणि त्यात चुकीचा वासही नसतो. पुढे कचेऱ्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या मराठीने हा शब्द चूक मान्य करण्याच्या सौम्य पद्धतीसाठी राखून ठेवला. ‘दिलगिरी व्यक्त करणे’ हा प्रयोग इतका रुळला की मूळचे दुःख मागे पडले.

तेव्हा ताई, तुमचा शब्द दोनशे वर्षांपूर्वीच्या वाचकासाठी अगदी बरोबर होता. साताऱ्याच्या त्या गृहस्थांनी तो आजच्या अर्थाने वाचला आणि त्यांचेही बरोबरच होते. शब्दाचा इतिहास वाचकाच्या हातात नसतो, त्याच्या हातात आजचा कागद असतो.

‘माफ’ची गोष्ट वेगळी आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा गाभा ‘सूट मिळालेला, मोकळा केलेला’ असा आहे. म्हणूनच मराठीत सारामाफी, कर्जमाफी, फी माफ हे प्रयोग सहज होतात. माफी मागणारा ‘माझ्यावर तुमचे काही देणे आहे, ते सोडून द्या’ असे म्हणत असतो. त्यामुळे माफी मागितली की चूक मान्य झाली, तिथे संदिग्धतेला जागा उरत नाही.

क्षेपक

माझे मत थोडे वेगळे आहे. ‘सॉरी’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. गल्लीतला चेंडू खिडकीवर बसला तर मूल ‘सॉरी काका’ म्हणते, आणि काकाही तो शब्द समजतात. मग अनुवादात सरळ ‘आम्ही सॉरी आहोत’ असे का लिहू नये? ज्या शब्दाला इतक्या छटा आहेत तो तसाच ठेवला तर कोणतीच छटा गमावली जाणार नाही.

दुभाषी (धागाकर्ती)

क्षेपक, हा विचार मीही केला होता. अडचण अशी आहे की शब्द उसना आणताना आपण त्याचे सगळे अर्थ आणलेले नाहीत. मराठीत आलेला ‘सॉरी’ हा बहुतांशी चूक कबूल करण्याचा ‘सॉरी’ आहे. मुलाला आपण ‘सॉरी म्हण’ असे सांगतो तेव्हा ‘चूक कबूल कर’ असेच सांगत असतो. शेजारी कोणी वारले असता मराठी माणूस दारात उभा राहून ‘सॉरी’ म्हणत नाही. तो ‘फार वाईट झाले’ म्हणतो, किंवा काहीच न बोलता बसतो. अलीकडे मोबाइलवरच्या निरोपांत तसे लिहिलेले दिसते, परंतु ते बहुधा इंग्रजी वाक्याचा तुकडा म्हणून येते. म्हणजे मी पत्रात ‘सॉरी’ तसाच ठेवला असता, तर ज्या अर्थापासून मला त्या कुटुंबाला दूर ठेवायचे होते तोच अर्थ अधिक ठळक झाला असता.

आणखी एक उसना अर्थ आहे, तो मात्र निरुपद्रवी आहे. फोनवर नीट ऐकू आले नाही की आपण ‘सॉरी?’ असे सूर चढवून विचारतो. तिथे ‘काय म्हणालात?’ एवढाच अर्थ आहे. ‘पार्डन’ही तिथे चालतो. गर्दीतून वाट काढताना किंवा अनोळखी माणसाला हाक मारताना इंग्रजीत ‘एक्स्क्यूज मी’ येते आणि धक्का लागून गेल्यावर ‘सॉरी’ येते. एक धक्क्याच्या आधीचा, एक नंतरचा. मराठीत आधी ‘जरा सरकता का’, ‘अहो, ऐकलं का’ असे काहीतरी म्हटले जाते.

वसईची_परिचारिका

मी तीस वर्षे रुग्णालयांत काम केले, त्यांपैकी काही वर्षे आखाती देशात. तिथे माझ्याबरोबर नायजेरिया आणि घाना या देशांतल्या परिचारिका होत्या. एकदा औषधांची ट्रे घेऊन जाताना माझा पाय फरशीच्या कडेला अडखळला, तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली माझी सहकारी लगेच ‘सॉरी, सॉरी’ म्हणाली. मी तिला म्हटले, “अगं, तू कशाला सॉरी म्हणतेस, तू तर तिकडे होतीस.” तिला माझा प्रश्नच कळला नाही. पुढे लक्षात आले की पश्चिम आफ्रिकेतल्या इंग्रजीत समोरच्याला ठेच लागली, शिंक आली, हातातले काही पडले तरी ‘सॉरी’ म्हणण्याची रीत आहे. आपण ‘अरेरे, लागलं का गं?’ म्हणतो त्याच जागी तो शब्द येतो. पाटीपेन्सिल यांनी सांगितलेला ‘मला दुखते आहे’ हा अर्थ तिथे अजून जिवंत आहे.

रुग्णालयातला माझा अनुभव असा की नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना शब्दापेक्षा त्याच्या पुढचे वाक्य महत्त्वाचे असते. इंग्रजीत डॉक्टर ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणून थांबतात आणि ती शांतता अर्थ सांगते. मराठीत तिथे थांबता येत नाही. ‘आम्ही खूप प्रयत्न केले’ हे वाक्य आपल्याकडे त्या जागी येते. त्यात सांत्वनही आहे आणि आमच्याकडून कसूर झाली नाही हेही आहे.

वकिली_टिपण

कायद्याच्या बाजूने पाहिले तर दुभाषीताईंचा प्रश्न इंग्रजी भाषकांनाही छळतो, म्हणूनच त्यांच्या देशांत त्यावर कायदे करावे लागले. अपघातानंतर ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हटले तर न्यायालय त्याला कबुली समजेल या भीतीने लोक तोंडातून शब्द काढीनासे झाले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ मध्ये सहानुभूतीच्या अशा उद्गारांना संरक्षण दिले. इंग्लंड आणि वेल्ससाठी २००६ च्या नुकसानभरपाई कायद्याने केवळ माफी मागितल्यामुळे निष्काळजीपणाची कबुली होत नाही असे स्पष्ट केले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने तर २००९ मध्ये या विषयाला वाहिलेला स्वतंत्र कायदाच केला.

त्या पत्राच्या संदर्भात आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये उपचारांत गंभीर त्रुटी घडल्यास रुग्णाला किंवा नातेवाइकांना ती उघडपणे सांगण्याचे बंधन २०१४ च्या नियमांनी रुग्णालयांवर घातले आहे, आणि त्यात ‘अपॉलॉजी’ देणेही येते. त्या नियमांत ‘अपॉलॉजी’ची व्याख्या दुःख किंवा खेद व्यक्त करणे अशी केलेली आहे. म्हणजे ज्या शब्दाचे भाषांतर आपण डोळे मिटून ‘माफी’ असे करू, त्याला तिथल्या नियमाने ‘खेद’ एवढाच अर्थ दिला आहे. अनुवादकाने व्याख्येचे कलम वाचल्याखेरीज शब्द निवडू नये असे मी म्हणेन.

‘अपॉलॉजी’चा इतिहासही उलटाच आहे. ग्रीकमध्ये ‘अपॉलॉगिया’ म्हणजे आरोपाला दिलेले उत्तर, बचावाचे भाषण. सॉक्रेटिसने न्यायसभेपुढे केलेल्या भाषणाला प्लेटोच्या लेखनात हेच नाव आहे आणि सॉक्रेटिस तिथे कसलीही माफी मागत नाही. स्वतःचे समर्थन करणाऱ्या शब्दाचा पुढे चूक मान्य करणारा शब्द झाला.

आपल्याकडे न्यायालयाच्या अवमानाच्या प्रकरणात ‘बिनशर्त माफी’ हा शब्दप्रयोग सर्रास येतो. १९७१ च्या अवमान कायद्यातील कलम १२ प्रमाणे माफी प्रामाणिकपणे मागितलेली असेल, तर केवळ ती सशर्त आहे एवढ्या कारणावरून ती फेटाळता येत नाही. तरीही मराठी अर्जात ‘दिलगिरी’ लिहायची की ‘बिनशर्त माफी’ यावर पक्षकारांशी बराच खल होतो, कारण दिलगिरीत माणूस ताठ उभा राहू शकतो आणि माफीत त्याला वाकावे लागते.

यारा_काठ

मी मेलबर्नमध्ये राहतो. या शब्दावरून एक अख्खा देश अकरा वर्षे वाद घालीत होता, ते इथे सांगायलाच हवे.

ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांना सरकारी धोरणाने आईवडिलांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवले जात असे. या ‘चोरलेल्या पिढ्यां’विषयीचा चौकशी अहवाल १९९७ मध्ये संसदेपुढे आला. त्यानंतर मागणी एकाच शब्दाची होती. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये संसदेत ठराव मांडला, त्यात ‘मनःपूर्वक आणि तीव्र खेद’ होता, ‘सॉरी’ नव्हता. आजच्या पिढीने आधीच्या पिढ्यांच्या कृत्यांची जबाबदारी घ्यावी हे त्यांना मान्य नव्हते. मे २००० मध्ये सिडनीच्या हार्बर पुलावरून सुमारे अडीच लाख लोक चालत गेले आणि त्यांच्या डोक्यावर एका विमानाने धुराने आकाशात एकच शब्द लिहिला, ‘सॉरी’. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो शब्द उच्चारला.

मला मात्र दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. इथल्या आदिवासींच्या इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे मृत्यूनंतरचे शोकविधी. कामावरचा सहकारी ‘सॉरी बिझनेससाठी गावी जातो आहे’ असे म्हणाला तर तो सुतकासाठी निघाला आहे असे समजायचे. त्यांना सरकारकडून जो शब्द हवा होता त्यात कबुली तर होतीच, पण ‘आमच्या शोकात बसा’ हेही होते. ‘रिग्रेट’ म्हणणारा माणूस उंबरठ्याबाहेर उभा राहतो आणि ‘सॉरी’ म्हणणारा आत येऊन बसतो, असा फरक मला इथे राहून कळला.

फारसीचा_विद्यार्थी

यारा_काठ, असाच प्रसंग आपल्याशी निगडित आहे. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला १३ एप्रिल २०१९ रोजी शंभर वर्षे होणार होती. त्याच्या तीन दिवस आधी ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्यांच्या संसदेत त्या घटनेला ब्रिटिशांच्या भारतातील इतिहासावरचा लाजिरवाणा व्रण म्हटले आणि तीव्र खेद व्यक्त केला. विरोधी बाकांवरून स्पष्ट माफीची मागणी झाली, परंतु ‘अपॉलॉजी’ हा शब्द सरकारकडून आला नाही. त्या दिवशीच्या बातमीला ‘माफी’ असा मथळा दिला असता तर तो चुकीचा अनुवाद ठरला असता, आणि ‘दिलगिरी’ म्हटले असते तरी वाचकाची दिशाभूल झाली असती. तिथे ‘खेद’च हवा.

शब्द मुद्दाम संदिग्ध ठेवल्याचे उदाहरणही आहे. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक मरण पावला आणि अमेरिकी विमान हायनानवर उतरले. त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात होते. चीनला माफी हवी होती आणि अमेरिका ती द्यायला तयार नव्हती. ११ एप्रिलच्या पत्रात अमेरिकी राजदूताने दोन ठिकाणी ‘व्हेरी सॉरी’ लिहिले, एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा परवानगीविना हद्दीत येऊन उतरल्याबद्दल. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितले की ही माफी नाही. चीनने आपल्या लोकांपुढे तेच शब्द माफीकडे झुकणाऱ्या चिनी शब्दांत मांडले. माणसे घरी परतली. जो दुहेरी अर्थ दुभाषीताईंच्या कागदावर घातक ठरला, त्याच दुहेरी अर्थाने तिथे २४ जणांची सुटका केली.

सांगली_घाट

‘क्षमा’ शब्दाची बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो. संस्कृतात ‘क्षम्’ या धातूचा अर्थ सहन करणे असा आहे. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळ्यांचा भार सोसते. ‘सक्षम’ आणि ‘कार्यक्षम’ हे शब्दही त्याच धातूचे आहेत. म्हणजे क्षमा मागणारा समोरच्याला ‘हे सोसण्याचे बळ तुमच्यात आहे’ असे म्हणत असतो. पूजेच्या शेवटी आपण ‘क्षमस्व परमेश्वर’ म्हणतो तेव्हा कुठल्या एका अपराधाची कबुली देत नसतो, तर जे उणे राहिले असेल ते सोसून घ्या असे म्हणत असतो.

आमच्या भागातल्या दिगंबर जैन घरांत दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस ‘उत्तम क्षमा’ या धर्माचा असतो, आणि पर्वानंतर क्षमावणीला लोक एकमेकांना भेटून ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. श्वेतांबरांत संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, ‘माझे दुष्कृत मिथ्या होवो’. आमच्या शेजारचे आजोबा दरवर्षी हात जोडून माझ्या वडिलांना “वर्षभरात कळत नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा” असे म्हणत आणि वडीलही त्यांना तेच म्हणत. दोघांपैकी कोणाचे काय चुकले हे कधीच निघत नसे. इंग्रजीत हे ‘सॉरी’ने सांगता येईल असे मला वाटत नाही.

पाटीपेन्सिल

व्यापारी मराठीतला एक शब्द याच जातीचा आहे. जुन्या बिलांच्या आणि जमाखर्चाच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे लिहिलेले असे, म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. इंग्रजी बिलांवर ‘एरर्स अँड ऑमिशन्स एक्सेप्टेड’ची आद्याक्षरे असतात, ती याच कामाची. परंतु इंग्रजी शब्दयोजना चुकांची जबाबदारी वगळते, तर मराठी शब्दयोजना त्या दोघांत वाटून घेते. माझ्या बाजूने जास्त घेतले गेले असेल तर मी देईन, कमी असेल तर तुम्ही द्या. संकेतस्थळांवर लिहिताना आपण सगळेच हा प्रयोग करतो.

बोलीभान

मला वाटते की आपण सगळे नामांच्या मागे लागलो आहोत. मराठी माणूस मनापासून माफी मागतो तेव्हा तो दिलगिरी, माफी, क्षमा यांपैकी कोणताही शब्द बहुधा वापरत नाही. तो ‘माझं चुकलं’ म्हणतो. मराठीतली खरी माफी क्रियापदात आहे.

या क्रियापदाच्या पायऱ्या पाहाव्यात. ‘मी चुकलो’ म्हणताना माणूस कर्ता होऊन पुढे येतो. ‘माझं चुकलं’ म्हणताना चूक माझी आहे, पण ती घडून गेली आहे, त्यामुळे बोलण्यात मऊपणा येतो. घरात, नवराबायकोत, मायलेकींत हेच वाक्य अधिक येते. ‘माझ्याकडून चूक झाली’ मध्ये चूक कर्ता होते आणि मी तिचा मार्ग तेवढा उरतो. हे कचेरीतले वाक्य आहे. ‘चूक झाली’ मध्ये मी पूर्णपणे नाहीसा होतो. इंग्रजीत ‘मिस्टेक्स वेअर मेड’ या वाक्यावर राजकारण्यांना नेहमी बोल लावले जातात, ते हेच. ‘आय अ‍ॅम सॉरी’चा अनुवाद करताना या चार पायऱ्यांपैकी बोलणारा कोणत्या पायरीवर उभा आहे हे आधी ठरवावे लागते.

मुंबईच्या लोकल स्थानकावर गाडी उशिरा असल्याची घोषणा तीन भाषांत होते, ती लक्ष देऊन ऐकण्यासारखी असते. मराठीत ‘आम्ही दिलगीर आहोत’ असे येते, हिंदीत ‘हमें खेद है’ आणि इंग्रजीत गैरसोय ‘डीपली रिग्रेटेड’ असते. इंग्रजी वाक्यात खेद कोणाला वाटतो आहे ते सांगितलेलेच नाही. हिंदीत तो ‘आम्हाला’ वाटतो. मराठीत ‘आम्ही’ स्वतःच कर्ते होऊन पुढे उभे राहतो. एकाच फलाटावर, एकाच उशिराबद्दल, तीन भाषांत जबाबदारीचे तीन वेगळे हिस्से घेतले जातात.

आणि शब्दच नसलेली माफीही आहे. एसटीत शेजारच्या बाईंना चुकून पाय लागला तर आजही कितीतरी जण त्यांना हात लावून तो हात कपाळाला किंवा छातीला लावतात. बोलायचे काहीच नसते. वडीलधाऱ्यांपुढे ‘एवढा अपराध पोटात घाला’ असे म्हणण्याची पद्धत होती. आई मुलाला पोटात घेते तशी चूक पोटात घ्यायची, हे त्यामागचे चित्र आहे. ते मला ‘क्षमा करा’पेक्षा कितीतरी जवळचे वाटते, आणि बोलण्यातून ते जात चालले आहे याचे दुःख आहे.

क्षेपक

दुभाषीताई, माझा आधीचा मुद्दा मी मागे घेतो. वरचे प्रतिसाद वाचल्यावर पटले की ‘सॉरी’ तसाच ठेवला तर अनुवादकाचे काम फक्त वाचकावर ढकलले जाते. एक विचारायचे आहे. पश्चात्तापाचे इंग्रजी शब्द, म्हणजे ‘रिमॉर्स’ आणि ‘रिपेंटन्स’, ‘सॉरी’च्या जागी येऊ शकतात का?

दुभाषी (धागाकर्ती)

क्षेपक, ते शब्द ‘सॉरी’च्या पलीकडचे आहेत. ‘सॉरी’ समोरच्याला म्हणायचे असते. ‘रिमॉर्स’ माणसाला एकट्याला होतो. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ पुन्हा चावणे असा आहे, केलेले कृत्य आतून पुन्हापुन्हा चावा घेते. आपला ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप, तिथे चाव्याऐवजी जाळ आहे. संतांचा ‘अनुताप’ही तापच आहे. ‘रिपेंटन्स’मध्ये वागणे बदलण्याचा निश्चय येतो, त्याला ‘पश्चात्ताप होऊन सुधारणे’ असे तीन शब्दांत सांगावे लागते. शिक्षेच्या सुनावणीत आरोपीला ‘रिमॉर्स’ आहे की नाही हे पाहिले जाते, तिथे ‘दिलगिरी’ लिहिणे हा फार मोठा दोष ठरेल.

वकिली_टिपण यांनी व्याख्येबद्दल लिहिले, त्यासाठी मनापासून आभार. ते वाचून मी त्या पत्राची प्रत पुन्हा काढली. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होते, त्याकडे मी त्या वेळी पुरेसे लक्ष दिले नव्हते. कुटुंबाला निरोप देण्यास उशीर झाला याबद्दल तिथे ‘वुई अपॉलॉजाइझ’ असे लिहिले होते. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने दोन वेगळे शब्द विचारपूर्वक योजले होते, मृत्यूसाठी एक आणि उशिरासाठी दुसरा. मी दोन्ही ठिकाणी ‘दिलगीर’ लिहून तो फरक पुसून टाकला होता, आणि दुरुस्त केलेल्या प्रतीतही दुसरे वाक्य तसेच राहिले होते.

काल मी त्या गृहस्थांना फोन करून नवी प्रत पाठवते असे सांगितले. पहिले वाक्य आता असे आहे: ‘आपला मुलगा गेला, याचे आम्हां सर्वांना अतिशय दुःख आहे.’ आणि दुसरे असे: ‘आपल्याला वेळेवर कळवले नाही, ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल आम्ही आपली माफी मागतो.’ नियमाने ‘अपॉलॉजी’चा अर्थ खेद एवढाच दिला असला तरी ती व्याख्या उपचारांतल्या गंभीर त्रुटींपुरती आहे. उशिराबद्दल मूळ पत्रातच पुढे ‘तसे घडायला नको होते’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, म्हणून मी ‘चूक’ हा शब्द ठेवला.

फोनवर त्यांनी मला दोन्ही वाक्ये सावकाश वाचून दाखवायला सांगितली. पहिले वाक्य झाल्यावर ते काही बोलले नाहीत. दुसरे झाल्यावर म्हणाले, “हो. आम्हाला दीड दिवसानं कळलं होतं.”

वसईची_परिचारिका

ताई, ‘आम्हां सर्वांना’ हे शब्द मूळ पत्रात आहेत का? असतील तर उत्तम. नसतील तर ‘आम्हाला’ एवढेच ठेवावे असे मला वाटते. पत्र एका विभागाच्या सहीचे असेल, आणि त्या मुलाजवळ शेवटी कोण कोण होते हे आईवडील उद्या विचारतील.

दुभाषी (धागाकर्ती)

मूळ पत्रात फक्त ‘वुई’ आहे. आपले म्हणणे योग्य आहे. टपालात टाकण्यापूर्वी ‘आम्हाला’ करते.